भोपळा मी खाल्ला, त्याची गोष्ट

डेट्रॉइटच्या विमानतळावरून नोव्हायला बहिणीच्या, सुनंदाच्या घरी जाताना मी चारशे सांगाडे मोजले. दर अंगणात एक. दोघं तर गवत कापत होते. एकानं हात केला, मीही केला. पाहुण्यानं शिष्टपणा करू नये.

त्यानंतर गाडीत माझी नऊ वर्षांची भाची ईरा मला सगळं समजावत होती म्हणे. हॅलोविनला मुलं भुतं बनून दारोदार खाऊ मागतात, पण ज्या दारात कोरलेला भोपळा पेटलेला असेल, तिथलीच बेल वाजवतात. ईराचं घर गल्लीच्या पार टोकाला, गेल्या वर्षी तिच्याकडे कुणीच फिरकलं नव्हतं. यंदा तिनं वर्गातल्या तीन मैत्रिणींना बोलावलं होतं आणि शेतावर जाऊन भोपळा स्वतः निवडला होता. मी म्हणे प्रत्येक वाक्याला "हं" म्हणालो. मी झोपेत फार समजूतदार असतो.

सकाळी उठलो तर घरात कुणी नाही आणि पायरीवर भोपळा. एवढा, की त्याच्या सावलीत टपालाची गाडी मावली असती. मी तो किसला, गूळ घातला आणि दुपारपर्यंत एकशे अकरा घारगे तळले.

ईरा शाळेतून आली. "मामा, व्हेअर इज माय पम्पकिन?"

सुनंदानं ताटाकडे पाहिलं. "दादा, हॅलोविन आज आहे."

ईरा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दुकानातले भोपळे केव्हाच संपले होते.

मी ताटभर घारगे घेऊन शेजारच्या ब्रेंडनकाकांकडे एखादा जास्तीचा भोपळा मागायला गेलो. वय ऐंशी, मूळ आयर्लंडचं घराणं.

"भोपळा कोरणं मी केव्हाच सोडलं," ते म्हणाले. "हल्ली मुलं दारी येतात कुठं? ट्रंक-ऑर-ट्रीट (पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून खाऊ मांडायचा) दिवसाढवळ्या उरकतात."

घारगा खाल्ला आणि दुसरा उचलला. "माझी आजी सांगायची, तिकडे या दिवशी मेलेल्यांच्या नावानं असेच गोड केक करायचे. लोक दारी येऊन मागायचे."

"आमच्याकडे महिन्यापूर्वीच झालं," मी म्हणालो. "मागायला कावळे येतात."

"आणि भोपळा इथला. तिकडे सलगम कोरायचे." ते उठले आणि मागच्या वाफ्यातून सात सलगम उपटून आणले.

सलगम म्हणजे भाजीच्या वेषातला काळा दगड. चार चमचे वाकले, सुरी शरण आली. पण तोंडं अशी सुरकुतलेली, खवचट निघाली, की मी म्हटलं, "सुनंदे, हा थेट तुझा सासरा."

"दादा, तू आज बोलूच नकोस."

दिवेलागणीला गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत सात सलगम पेटवले. ईरा चेटकिणीची टोपी घालून पायरीवर बसली. अर्धा तास कुणी नाही. टोपी हळूहळू खाली गेली. मी त्या वेळी सातही सलगमांना नवस बोललो.

मग तीन पऱ्या धावत आल्या. एक म्हणाली, "दीज आर द क्रीपिएस्ट थिंग्ज ऑन द होल स्ट्रीट." त्यांच्यामागे अख्खा मोहल्ला. शेवटी ब्रेंडनकाका, अंगावर चादर घेऊन.

"माय मामा एट माय पम्पकिन," ईरा प्रत्येकाला सांगत होती, आणि तिच्या आवाजात चक्क तोरा होता. मधेच तिनं गुपचूप एक घारगा उचलला.

परतीच्या विमानात वाटलं, या सणानं देश बदलला, भाजी बदलली, आता तर डिकीत जाऊन बसला. दारात दिवा लावून रस्त्याकडे बघत बसणं मात्र आहे तसंच आहे.

घरी आलो. ओट्यावर भोपळा होता. पिशव्या खाली ठेवण्याआधी बायकोला विचारलं, "हा कुणाची वाट बघतोय?"