एका शब्दाचा कौल

त्या वर्षी माझा जीव कशातच लागत नव्हता. चुलीवर भात ठेवून पडवीत यावं, पडवीत आलं की आत काहीतरी राहिलं असं वाटून पुन्हा आत जावं, आणि आत गेल्यावर कशाला आले तेच आठवू नये. छातीत अशी धडधड व्हायची की डाव्या कुशीवर पडलं तर उशीतून ऐकू यायची. विहिरीवरून एक कळशी आणली तरी दम लागायचा. तोंड पांढरंफटक पडलं होतं. आळीतल्या बायका दृष्ट काढायला सांगून जात आणि जाताना माझ्याकडे असं बघत की दृष्ट खरोखरच लागावी. शेवटी हे मला गाडीत घालून अलिबागला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आमची नारळी-पोफळीची वाडी अलिबागच्या दक्षिणेला, आणि हे तिथल्याच कचेरीत नोकरीला, त्यामुळे डॉक्टर ओळखीचे होते.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पायांवरची सूज बोटानं दाबली आणि मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. नंतर ह्यांच्याकडे वळून इंग्रजीत बोलू लागले. दुखणं माझं आणि बोलणं त्या दोघांचं, तेव्हा तशीच रीत होती. मी पदर सावरून खाली बघत बसले, पण कान काही खाली घालता येत नाहीत. ब्लड म्हणजे रक्त, एवढं मला ठाऊक होतं. हार्ट तर चांगलंच ठाऊक होतं, कारण आमच्या आळीतले वकील जेवता जेवता हार्टफेलनं गेले होते. आणि मग डॉक्टर तिसरा शब्द बोलले, दोनदा बोलले. मी स्वच्छ ऐकला. मर मर.

परतताना ह्यांनी सांगितलं, रक्त कमी झालंय, लोहाचं औषध दिलंय, नेमानं घे म्हणजे बरं वाटेल. एरवी ह्यांचं बोलणं म्हणजे कचेरीतला हुकूम. त्या दिवशी आवाज इतका मऊ होता की मी मनात समजून गेले. त्यातून गाडी थांबवून ह्यांनी माझ्यासाठी मोसंबी घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वाटेत थांबून माझ्यासाठी काही घेतल्याचं मला आठवत नव्हतं. जाणाऱ्या माणसाचेच असे लाड होतात, असं मी धरून चालले. विचारावं असं मनात आलं नाही असं नाही, पण विचारलं असतं तर हे खोटं बोलले असते आणि मला तेही कळलं असतं. औषध मला आणखी कडू लागायला लागलं. मरणाऱ्याला लोह काय करायचं, म्हणून मी रोजचा डोस मागच्या दारच्या पोफळीच्या मुळाशी ओतत असे.

मरणाची भीती होतीच, पण ती पोटात कुठंतरी खाली. वर होती ती माझी कुसुम. एकुलती एक मुलगी, मराठी शाळेत चौथीला, वेणीही अजून नीट घालता येत नव्हती. मी गेल्यावर हे दुसरं लग्न करतील, करायलाच हवं, आणि मग सावत्र आईच्या हाताखाली माझ्या पोरीचं काय होईल, हा विचार मला बसू देईना. त्याच सुमारास दिघीकडच्या एका घराचं स्थळ सांगून आलं. मोठी वाडी, स्वतःची होडी, मुलगा बिजवर आणि कुसुमपेक्षा फारच मोठा. हे म्हणाले, घाई काय आहे, पोर शिकते आहे. मी रडले, भांडले, दोन वेळा जेवले नाही. ह्यांना कळेना की बायकोला झालंय काय, आणि आजारी माणसाचा हट्ट म्हणून त्यांनी वाद सोडला. एवढंच म्हणाले, देवीला कौल लाव, तिनं उजवा दिला तर मी बोलणार नाही.

आमच्या गावदेवीचं देऊळ शेताच्या कडेला, पिंपळाखाली. कौल लावायचा म्हणजे गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी एकटीच गेले. वाटेत तीनदा बसले. सभामंडपात एक म्हातारे हरिदास पोथी मांडून बसले होते, रेवदंड्याला कीर्तनाला निघाले होते आणि ऊन उतरायची वाट बघत होते. मी त्यांना नमस्कार केला आणि गुरवाला सांगितलं, मुलगी ह्या घरी द्यायची का, एवढंच विचार.

गुरवानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी मनातल्या मनात देवीशी भांडत होते, की आई, मला वेळ देत नाहीस तर निदान होय म्हण, म्हणजे मी सुटले. पण पाकळी हलेना. माझ्या छातीतली धडधड मात्र देवळात घुमते आहे असं वाटत होतं. मी उठले, बसले, खांबाला टेकले, पुन्हा उठले.

"वहिनी, बसा जरा," गुरव म्हणाला. "देवी अजून बोलत न्हाय."

हवा अगदी पडलेली होती. मग समुद्राकडून एक झुळूक आली, पिंपळ हलला, आणि ते हरिदास पोथीवर हात ठेवून वर बघत स्वतःशीच म्हणाले, "वा, मर्मर सुरू झाली."

डॉक्टरांचा तोच शब्द. परक्या पुरुषाशी आपण होऊन बोलायची आमच्यात रीत नव्हती, पण मी विचारलं, "काय म्हणालात?"

"मर्मर. संस्कृतातला शब्द आहे, बाई. पानांची, रेशमी वस्त्राची सळसळ."

"माणसाच्या काळजात असते का ती?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. थट्टा केली नाही, कुणाच्या काळजात असंही विचारलं नाही. म्हणाले, "माझ्या पोथीत तरी नाही. पण वारा वाहतो तिथंच मर्मर असते, एवढं खरं."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात दोन्हीकडच्या पाकळ्या पडल्या, आणि आधी कोणत्या बाजूची पडली ते कुणीच पाहिलं नाही. आम्हा दोघांचं बोलणं ऐकता ऐकता गुरवाचंही लक्ष उडालं होतं. तो बिचारा ओशाळून म्हणाला, पुन्हा लावतो. मी म्हटलं, राहू दे. का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. घरी आले, ह्यांना म्हटलं, मला उद्या डॉक्टरांकडे न्या, पण ह्या वेळी मी बोलणार.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, तुम्ही त्या दिवशी माझ्याबद्दल मर मर का म्हणालात? ते आधी गोंधळले, आणि मग हसू दाबत म्हणाले, "अहो, इंग्रजीत मर्मर म्हणजे हलका आवाज. रक्त पातळ झालं की हृदयातून जाताना आवाज करतं. तुमच्या हृदयाच्या झडपा चांगल्या आहेत. हा पांडुरोग आहे. औषधानं रक्त भरलं की आवाज आपोआप जाईल. औषध घेता ना?"

मी पोफळीचं नाव सांगितलं नाही, पण मान खाली गेली. हे माझ्याकडे बघतच राहिले. एवढे दिवस मी काय घेऊन फिरत होते ते त्यांना तिथं कळलं, आणि डॉक्टरांसमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डॉक्टरांनी ती नळी माझ्याच कानाला लावून दुसरं टोक माझ्या छातीवर धरलं. धडधडीच्या मागे, अगदी हळू, संध्याकाळी आमच्या वाडीतून वारा जातो तसा आवाज येत होता. मला रडू आलं, आणि रडताना बरंही वाटलं.

औषध नेमानं घेतलं. पावसाळा सरता सरता चेहऱ्यावर रंग आला, आणि डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितलं, आता आवाज नाही. दिघीच्या स्थळाला ह्यांनी नकार कळवला. कुसुम पाचवीत गेली. ते हरिदास कोण, कुठले, मी कधी विचारलं नाही आणि पुन्हा ते मला दिसलेही नाहीत. दोन्ही भाषांत तो शब्द सारखाच कसा, हे शिकलेली माणसं सांगू शकतील. मला एवढंच कळतं की ती झुळूक आली तेव्हा मी तिथं होते, आणि ते वर बघून बोलले.

अजूनही मन थाऱ्यावर नसलं की मी देवळात जाऊन बसते. कौल मात्र मी त्यानंतर लावला नाही. मागायचं तेही आपणच ठरवायचं आणि उत्तर काय यायला हवं तेही आपणच ठरवायचं, मग देवीनं बोलावं कुठं? मी तिला विचारलं होतं, माझी मुलगी कुणाच्या हाती देऊ. तिनं उजवाही दिला नाही, डावाही दिला नाही. मला माझ्या मुलीकडे परत पाठवलं.