पेगीमावशीचं गाणं

डोनेगलच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात ऊना आणि तिचे दोघे भाऊ कुणालाच नको होते. खांद्यापर्यंत केस वाढवून बापजाद्यांची गाणी गिटारवर म्हणायची म्हणजे गावाच्या डोळ्यांत खुपणारच. "मेंढ्या राहू द्या, आधी या दोघा भावांना कातरा," लोक चर्चच्या दारातच म्हणायचे. थोरल्या मॅनसला त्याची फिकीर नव्हती, धाकटा ओवेन मॅनसच्या शब्दाबाहेर नव्हता. ऊनाला मात्र लागायचं. एकोणीस वर्षांची ती पोरगी दिवसभर कारखान्यात मासे साफ करायची, संध्याकाळी गायची, आणि तिला याच गावाची मान डोललेली हवी होती. परक्यांच्या टाळ्यांचं काय लोणचं घालायचंय?

तिथं गाणी माणसांच्या मालकीची असतात. ज्याचं गाणं तो खोलीत असला, तर दुसऱ्यानं ते तोंडातही आणायचं नाही. ऊनाचं सगळ्यांत देखणं गाणं शेजारच्या पेगीमावशीचं. लोकर पिंजता पिंजता म्हातारीनंच ते तिला शिकवलं होतं. पाय मोडल्यापासून मावशी घराबाहेर पडत नव्हती, म्हणून ही भावंडं ते बिनधास्त म्हणायची.

डब्लिनहून रेडिओचा माणूस त्यांना ऐकायला आला, त्या रविवारी गावचं सभागृह गच्च भरलं होतं. मावशीच्याच गाण्याचं दुसरं कडवं चालू असताना दार उघडलं आणि शेजाऱ्यांनी पेगीमावशीला खुर्चीसकट आत आणलं. मुद्दामच आणलं होतं मेल्यांनी. तोंडं सांगत होती.

ऊना अडखळली. आता थांबायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"थांबलीस तर याद राख," मॅनस दातओठ खात पुटपुटला. "हा माणूस पुन्हा यायचा नाही."

ऊना गात राहिली. आणि वाईट हे, की इतकं सुंदर ती आयुष्यात कधी गायली नव्हती.

टाळ्या एकट्या रेडिओवाल्यानं वाजवल्या. बाकीचे हाताची घडी घालून बसले. मॅनस लगबगीनं त्या पाहुण्याकडे गेला, ऊना धावत म्हातारीकडे.

"मावशी, चुकलं माझं. आता तू म्हण ना. सगळ्यांसमोर म्हण, तुझंच आहे ते."

पेगीमावशीनं तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"मी कशी म्हणू गं? तू खोलीत आहेस ना."

मग तिनं शेजाऱ्यांना खुर्ची उचलायला सांगितलं.