दाजींच्या ताटात काय असायचं

समस्त बुऱ्हाणपूरकरांस, विशेषतः लोधीपुऱ्यातील सुज्ञ नागरिकांस, तसेच त्या गल्लीत रविवारी संध्याकाळी वासाच्या मागोमाग हजर होणाऱ्या दोन मांजरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या दाजींच्या घरचं 'आपापलं ताट' पुढील सूचना मिळेपर्यंत बंद आहे. पुढील सूचना देणारा माणूसच राहिलेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

ही घोषणा माझ्या डोक्यात तयार झाली तेव्हा मी इतवाऱ्यातल्या माझ्या दुकानात शाळेच्या गणवेशाची घडी मोडत होतो. भाच्याचा, मयूरचा, फोन आला. "मामा, पप्पा गेले," एवढंच म्हणाला. मी समोरच्या बाईंना म्हणालो, "बत्तीस नंबर बसेल बघा," फोन खिशात ठेवला, आणि मग बत्तीस म्हणजे काय आणि या बाई कोण हेच मला कळेना... काही भयंकर घडलं की माझ्या डोक्यात आधी गंमत सुचते आणि रडू मागून येतं, ही माझी जुनी खोड. दाजींना ती ठाऊक होती. म्हणायचे, "मेव्हणेबुवा, स्वतःच्या तेराव्याला सूत्रसंचालन तुम्हीच करणार बहुतेक." त्यांच्या तेराव्याला मात्र मी एका शब्दानं बोललो नाही. नातेवाइकांना वाटलं, माझा घसा बसला असेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, वसंतराव. एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि मुलांनी आम्ल सांडलं की सगळ्यात आधी धावायचं. अक्षर असं की छापलेलं वाटावं. बोलणं कमी, पण नेमकं. मी एका दमात सात वाक्यं बोललो की ते आठवं असं बोलायचे की माझी सातही वाया जायची.

त्यांच्या घरी रविवारी संध्याकाळी चिकन व्हायचं, पण स्वयंपाकघरात नाही. दाजींच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे चिकनची शेगडी, पातेलं, पळी, सगळा संसार गच्चीवर. दाजी वर रांधायचे आणि झाकलेलं पातेलं दोन्ही हातांत धरून, देवाची पालखी उतरवावी तसे जिना उतरायचे. जेवणाच्या खोलीत टेबलाच्या एका टोकाला या आजींचं राज्य आणि दुसऱ्या टोकाला पातेलं. मधली सीमा एका मिठाच्या बरणीनं आखलेली. पाच वर्षांपूर्वी आजी गेल्या, तरी शेगडी काही खाली आली नाही. एकदा मी विचारलं तर दाजी म्हणाले, "आई गेली, माळ कुठं गेली? देव्हाऱ्यातच आहे ना."

पूर्वी हे चिकन काळ्या मसाल्याचं असायचं. पहिल्या घासाला कान गरम, दुसऱ्याला डोकं रिकामं. मग मयूरचं लग्न झालं आणि खंडव्याहून पूजा आली. पहिल्या रविवारी बिचारीनं तीन घास खाल्ले, "बहुत बढिया है, पप्पाजी" म्हणाली, आणि तांब्याभर पाणी पिऊन डोळे पुसत मागच्या दारी गेली. तेवढ्यात ताई म्हणाली मला तेल सोसत नाही, मयूर म्हणाला कांदा का घातला, आणि मी म्हणालो यंदा मसाला कमीच पडलाय. दाजी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. शाळेत एकाच मेजावर चार मुलांचे चार प्रयोग फसले की बघायचे, अगदी तसेच.

पुढच्या रविवारी टेबलावर प्रयोगशाळा. ओळीनं वाट्या, आणि प्रत्येक वाटीवर चिठ्ठी. मोकळा भात. चिकन, सायीतलं, पांढरं. तळलेला कांदा. कोथिंबीर. लिंबू. शेव. केळ्याचे वेफर्स, हातानं चुरलेले, कारण आमच्या गावात केळी घराघरात कशाच्या ना कशाच्या रूपानं शिरतेच. शेवटची वाटी वेगळी ठेवलेली आणि तिच्यावर लिहिलेलं, 'काळा मसाला. जबाबदारी स्वतःची.' आजींच्या टोकालाही कांदा, वेफर्स, भात यांच्या वेगळ्या वाट्या, आणि त्यावर 'हात लावू नये.' ज्यानं त्यानं उठायचं, हवं ते घ्यायचं, नको ते सोडायचं. कोणी कोणाला वाढायचं नाही.

मी पातेल्यात डोकावलो. काजूची पूड, दही, आठवडाभराची साय, पांढरी मिरी. सगळं पांढरंशुभ्र. मी म्हणालो, "दाजी, ही कोंबडी आजारी होती का?"

"होती," दाजी म्हणाले. "तुमचं बोलणं ऐकून पांढरी पडली."

मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. पूजानं भातावर चिकन घेतलं, वरून चुरलेले वेफर्स पेरले, की मी लगेच क्रिकेटच्या समालोचकाच्या आवाजात सुरू. "आणि खंडव्याच्या नवोदित खेळाडूनं चिकनचा दहीभात केलेला आहे!" पोरीचा हात वाटीतच थांबला. दाजी उठले, कपाटातून चिठ्ठी काढली, लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली. 'दुसऱ्याच्या ताटात पाहायचं नाही.' म्हणाले, "हा नियम सगळ्यांना. मेव्हण्यांना दोनदा."

सायीवरून मात्र घरात रीतसर युद्ध होतं. ताई तूप काढायला साय साठवायची, आणि शनिवारपर्यंत डबा निम्मा व्हायचा. "ह्या घरात बोका पाळलाय, चष्मा लावणारा बोका!" ती ओरडायची. दाजी वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "त्या दोन मांजरांना विचार, ताजा पुरावा असेल." तेव्हापासून त्या घरात घरचं तूप किती निघालं कोण जाणे. चिकन मात्र कधी पातळ झालं नाही.

नियम मी पाळला असं समजू नका. तिरक्या नजरेनं मी सगळी ताटं पाठ केली होती. ताईचा भात दोन चमचे, कारण साखरेचा आजार, आणि चिकन भरपूर. मयूर चौतिसाव्या वर्षीही कांद्याची एकेक काडी ताटाच्या कडेला रचणारा. पूजाचे वेफर्स. आजी लिंबू पिळायच्या आणि बोट चाटून 'राम' म्हणायच्या. चौकाचौकात, दुकानात, लग्नाच्या पंगतीत मी या ताटांच्या नकला केल्यात, लोकांनी हसून पोट धरलंय. आणि दाजींचं ताट? ते मी पाहिलंच नाही. कोणीच पाहिलं नाही. कारण सगळे बसले की दाजी आपलं ताट भरून, दुसऱ्या ताटाखाली झाकून, "वरचं आवरून येतो" म्हणत गच्चीवर जायचे. ताईचे गुडघे दुखायचे, ती जिना चढायचीच नाही. वर दाजींनी शेगडी पुसायची, पळी खंगाळायची, आणि मग तापीकडून येणाऱ्या वाऱ्यात एकट्यानं जेवायचं. एकदा मी पाय न वाजवता मागे गेलो. कठड्याशी पाठमोरे बसलेले. मी जवळ पोचायच्या आत त्यांनी डावा हात ताटावर पसरला आणि मागे न बघता म्हणाले, "मेव्हणेबुवा, नियम." मी हसत हसत खाली आलो. या प्रसंगाची नक्कल तर माझी सगळ्यात गाजलेली.

मग दाजींच्या अन्ननलिकेत काहीतरी निघालं. इंदूरला नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. शेवटी नाकातून नळी घालून घरी पाठवलं, आणि नळीतून काय द्यायचं याचा तक्ता ताईच्या हाती दिला. दाजींनी तो तक्ता वाचला आणि कोपऱ्यात आपल्या अक्षरात चढवलं, 'रंग पांढरा. चव आढळली नाही.' रविवारचं चिकन बंद करावं असं सगळ्यांचं मत होतं. त्यांनीच हातानं खूण केली, चालू ठेवा. पूजा गच्चीवर रांधू लागली. दाजी टेबलाशी खुर्चीत बसायचे, आम्ही खायचो... त्यांच्यासमोर जेवणं आणि त्यांच्यासमोरून उठून जाणं, दोन्ही सारखंच अवघड होतं. मी बोलत सुटायचो. दुसरं मला येतं काय?

शेवटच्या रविवारी त्यांनी ताट मागितलं. आवाज जवळपास गेला होता, बोटांनी गोल केला आणि माझ्याकडे दाखवलं, तू भर. ताई म्हणाली, "अहो, चालणार नाही तुम्हाला." त्यांनी डोळे मिटून मान हलवली, खायचं नाही, नुसतं भर. मी भात घेतला, चिकन घेतलं, वर थोडा काळा मसाला टाकला. त्यांनी बोट हलवलं, नाही. मसाला काढून कांदा घातला. नाही. लिंबू पिळलं. नाही. आता इथं शहाण्या माणसानं त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली असती. मी लिलाव सुरू केला. वाटी वर धरून, बाजारातल्या आडत्याच्या आवाजात. "शेव! शेव घ्या शेव! साहेबांची मान हलली, शेव बाद! कोथिंबीर एक, कोथिंबीर दोन..." पूजा हसली, मयूर हसला, ताईनं तोंडाला पदर लावला, आणि दाजी असे हसले की त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, नळी हलली. ताई माझ्यावर ओरडली, "बस कर ना रे बाळू, काय करून राहिला!" तिनं ताट उचलून नेलं. दाजी हाताच्या पंज्यानं मला थांब थांब करत होते. मला वाटलं, हसू आवरत नाहीये म्हणून. पाचव्या दिवशी मयूरचा फोन.

आता काही आठवडे झाले. परवाच्या रविवारी ताईनं निरोप धाडला, चिकन करायचंय, त्यांच्या खुर्चीपुढे त्यांचं ताट ठेवायचं आणि मग आपण खायचं. मी गेलो. फ्रिज उघडला तर सायीचा डबा काठोकाठ भरलेला. ताईनं आठवडाभर तूप काढलंच नव्हतं, आणि चोरणारा कोणी नव्हता. पूजानं गच्चीवर रांधून पातेलं खाली आणलं. तसंच, दोन्ही हातांत. दाजींच्या जुन्या चिठ्ठ्या एका बिस्किटांच्या डब्यात होत्या, त्या मी वाट्यांवर चिकटवल्या. खुर्ची तिथंच. खुर्चीपुढे त्यांचं रिकामं ताट ठेवलं आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे राहिलो.

"भात कमी घ्या मामा, पप्पा भात कमीच खायचे," मयूर म्हणाला.

"कमी कसा? वर जाताना ताट केवढं जड असायचं त्यांचं," मी म्हणालो.

"अन् पप्पाजी वेफर्स तो पक्का घेत होते," पूजा म्हणाली. "वाटी हर बार खाली होऊन जायची."

"ती तू खाली करायचीस."

"मामा! नियम!"

"काळा मसाला घालू," मयूर म्हणाला. "जुन्या वळणाचा माणूस. पांढरं आपल्यासाठी करायचे, स्वतःला काळंच लागायचं."

"नाही रे, मसाला मी त्या दिवशी टाकला तर बोट हलवलं त्यांनी," मी म्हणालो. "कांद्याला पण हलवलं. लिंबाला पण. सगळ्यालाच हलवलं."

"मग पप्पा घेत काय होते, नुसतं ताट?"

"मेरे को तो लगता है चिकन वो लेते ही नहीं थे," पूजा हळूच म्हणाली. त्यावर मयूर भडकला, असं कसं, स्वतः रांधायचे की. ती म्हणाली रांधणं वेगळं, खाणं वेगळं. मी म्हणालो मी गच्चीवर गेलो होतो. मयूर म्हणाला, गेले होते तर सांगा ना, काय होतं ताटात? मला हातच आठवत होता. पसरलेला डावा हात, पाच बोटं, आणि त्याखाली काहीही असू शकलं असतं. आवाज चढले. भाताची वाफ जायला लागली. ताट रिकामंच, आणि वाट्या सगळ्या भरलेल्या.

ताई इतका वेळ टेबलाला टेकून उभी होती, गुडघा चोळत. आमचा गलका तिला सहन होईना. तिनं जिन्याकडे पाहिलं, दाजी वर असताना नेहमी पाहायची तसं, आणि वैतागून ओरडली,

"अरे, भांडता काय नुसते! त्यांनाच विचारून या ना कोणी तरी!"