पडणार म्हणून विकलेले पुट

आज मी जो काही आहे तो माझ्या धाकट्या मामांमुळे. दहावीनंतर गावाहून त्यांनीच मला डोंबिवलीजवळ कोपरला आणलं, दोन खोल्यांत ठेवून घेतलं आणि पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आता ठाण्याला नौपाड्यात एका शेअर दलालाच्या ऑफिसात हिशेब बघतो.

मामा कारखान्यातून निवृत्त झाले आणि मोबाइलवर शेअर बाजार शिकू लागले. एका रविवारी मी जेवायला गेलेलो, तेव्हा खुशीत म्हणाले, "बाजार आता जोरात आपटणार बघ. मी पुट विकून बसलोय."

माझा घास हातातच राहिला. "मामा, पडणार वाटलं तर पुट विकत घेतात. तुम्ही विकलेत?"

"अरे, विकणारा तो मंदीवाला. एवढं तर तुझ्या मामीलाही कळतं."

"मला कशाला मध्ये ओढता?" मामी ओट्याशी पोळ्या लाटत म्हणाली.

'विकणे' या शब्दानेच घात केला होता. शेअर विकतो तो मंदीवाला, हे खरं. पण पुट म्हणजे भाव कोसळला तरी ठरल्या भावाला विकण्याचा हक्क. तो हक्क जो दुसऱ्याला विकतो, तो पडझड स्वतःच्या अंगावर घेतो. बदल्यात त्याला आधी प्रीमियम मिळतो, विमा कंपनीला हप्ता मिळतो तसा. बाजार चढला किंवा जागेवर राहिला, तर ते पैसे त्याचे. म्हणजे पुट विकणारा तेजीच्याच बाजूचा.

बाजार काही महिने चढत होता, म्हणून मामांना प्रीमियम सुटत होता. हे सांगितलं तर ते हसलेच.

"चढत्या बाजारात एवढे देतात, तर पडल्यावर किती देतील! विचार कर, ग्रॅज्युएटसाहेब."

पुट विकणाऱ्याला दलालाकडे तारण ठेवावं लागतं; मामांनी त्यासाठी निवृत्तीचे सगळे पैसे ठेवले होते. आणि ते बाजार पडायची वाट बघत होते. कुठे युद्धाची बातमी लागली की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

गुरुवारी सकाळी बाजार घसरायला लागला. मी फोन केला.

"बघ, सुरू झालं!" त्यांचा आवाज किती आनंदी होता. "आणखी विकतोय." मी बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही, मेसेजही बघितला नाही. मला ऑफिस सोडता येईना. आमचा एक माणूस डोंबिवलीला निघाला होता, त्याच्या हाती हे पत्र दिलं:

"मामा, पाया पडून लिहितो. तुम्ही म्हणता तसा बाजार पडेलही. पण तुमचा अंदाज बरोबर ठरला, तरच तुम्ही बुडाल. आणखी काही विकू नका. विकलेले पुट आत्ताच परत विकत घ्या. तोटा दिसेल, होऊ दे. मग मला हवं ते बोला. संध्याकाळी मी येतोय. निवृत्तीचे सगळे पैसे यात अडकलेत, हे मामीला मी अजून सांगितलेलं नाही."