प्रोसेसरला कुंकू

घरी जोडायच्या पहिल्या कॉम्प्युटरला प्रोसेसर कुठला घ्यायचा, म्हणून कोपरच्या आमच्या चाळीतला नयन महिनोन्‌महिने व्हिडिओ बघत बसला. शेवटी ऐकलं ते आईचं. "पत्र्याखाली राहतो आपण, कमी तापेल तो घे," तुळसाकाकू म्हणाली होती.

खोकं आलं तशी काकूने हळदकुंकवाचं ताट मांडलं आणि मला, शेजारणीला, हाक मारली. काका गेल्यापासून ती नव्या वस्तूला कुंकू लावत नाही, सवाष्ण लागते. माझं डोकंच फिरलं. कुंकवाचं बोट तसंच धरून मी नयनकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी बोलेल, 'आई, तूच लाव.'

तो म्हणाला, "निशाताई, खोक्यालाच लाव हां. आत पावडर गेली तर वाट लागेल."

"नीट लाव गं," काकू दाराआडून म्हणाली.