भोंगाबाईविरुद्धची दहावी तक्रार

डोंगरात फोनला रेंज नव्हती. भोंगाबाईच्या आवाजाला होती. दवाखान्यातली कारकुनाची खुर्ची तिला मिळाली ती अक्षरापेक्षा या आवाजामुळेच. पडवीत बाक एकच, त्यावर चार माणसं मावत, पाचवं बसलं तर पहिलं खाली पडे. म्हणून लोक आपली नोंद करून पांगत. कुणी ओढ्यावर धुणं धुवायला, कुणी वरच्या शेतात, कुणी नुसतंच झाडाखाली आडवं व्हायला. पाळी आली की भोंगाबाई दारात उभी राही, कमरेवर हात ठेवी, छातीभर श्वास घेई आणि हाक घाली. ती हाक शेतं ओलांडून, ओढा ओलांडून समोरच्या टेकडीला टेकून परत येई. टेकडीवरचा माणूस "आलो" म्हणे, ते मात्र इकडे कुणाला ऐकू येत नसे.

पण हाक घालायची कुणाच्या नावाने, हा मोठा घोळ होता. त्या डोंगरातल्या लोकांची रीत अशी की आजोबाचं नाव नातवाला आणि आजीचं नातीला. बाहेरून नवं नाव आणायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं चालल्यामुळे साऱ्या डोंगरात पुरुषांची मिळून सहा नावं उरली होती आणि बायकांची पाच. नोकरीच्या पहिल्याच दिवशी भोंगाबाईने एक नाव पुकारलं, तर अकराजण धावत आले आणि दारात अडकले. दुसऱ्या दिवशीपासून तिने आपली पद्धत काढली. ती दुखण्याने हाक मारू लागली. "डावा गुडघा, आत या." "खरूज, तुम्ही जरा थांबा." "जुलाब, घाई असेल तर पुढे व्हा."

पद्धत इतकी बिनचूक होती की भोंगाबाईला तिचा अभिमान वाटे. सहा वर्षांत एकदाही चुकीचा माणूस आत गेला नाही.

सहाच वर्षं, कारण त्याआधी हा दवाखाना खालच्या मोठ्या रुग्णालयाच्या ताब्यात होता. तेव्हा तिथली माणसं यायची आणि तिथलीच भाषा चालायची. डोंगरातल्या बोलीत दुखण्याला किती तरी शब्द: ठणका वेगळा, सणक वेगळी, कळ वेगळी, नुसती बारीक चुणचुण वेगळी. रुग्णालयाच्या कागदावर चौकोन एकच होता: दुखते. म्हाताऱ्याकोताऱ्या त्या चौकोनात फुली मारून, जे सांगायचं ते पोटातच ठेवून परत यायच्या. शेवटी डोंगरातल्या ज्येष्ठांनी समिती केली, अर्ज केले, खेटे घातले आणि दवाखाना आपल्या हाती घेतला. नर्स आपल्यातली, कारकून आपल्यातली, बोलणं आपलं.

खालच्या कार्यालयाची एकच अट होती: कारभार कागदावर दिसला पाहिजे. त्यासाठी त्यांनी तीन दिवसांचं प्रशिक्षणही दिलं. भोंगाबाई ते मन लावून शिकली. पत्राला पोच कशी द्यावी, बैठकीचं इतिवृत्त कसं लिहावं, कुठल्या रंगाच्या फायलीत काय जावं, सगळं. बैठकीत कोण कितीदा जांभई देतो हेसुद्धा ती इतिवृत्तात लिही, तेव्हापासून समितीची मंडळी ताठ बसू लागली.

म्हणून खालच्या कार्यालयातून तपासनीसबाई आल्या तेव्हा भोंगाबाईने ताठ मानेने फायली पुढे केल्या. फायली बघून त्या खूष झाल्या. मग त्यांनी तक्रारवही मागितली. भोंगाबाईने ती देव्हाऱ्यातून काढावी तशी कपाटातून काढली, फुंकर मारली आणि उघडून दाखवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी.

"सहा वर्षांत एक डाग नाही," ती म्हणाली.

तपासनीसबाईंनी शेवटचं पानही उलटून पाहिलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की माणसं आजारी पडतात, वाट बघतात, सुया टोचून घेतात आणि कुणाचीच काही तक्रार नाही, याचा अर्थ एक तर माणसं येत नाहीत, नाही तर येतात आणि बोलत नाहीत. जिथे लोक बोलत नाहीत तिथला कारभार लोकांचा कसा म्हणायचा? पंधरा दिवसांनी त्या पुन्हा येतील. वहीत निदान दहा खऱ्या तक्रारी हव्यात आणि प्रत्येकीपुढे काय केलं ते हवं. नसेल तर दवाखाना परत मोठ्या रुग्णालयाकडे.

म्हणजे पुन्हा तो एकच चौकोन.

त्या दिवसापासून भोंगाबाई तक्रारी मागत हिंडू लागली. पण लोकांना ते भलतंच वाटलं. कुणाच्या घरी जेवून वर स्वयंपाकाला नावं ठेवा म्हणण्यासारखं. पहिले दोन दिवस जो येई तो कौतुकच करून जाई. एका म्हातारीने तर भोंगाबाईच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का बघितलं. शेवटी नर्सबाई, म्हणजे भोंगाबाईची धाकटी जाऊ, म्हणाली की असं लाजत बसलो तर ही खुर्ची, ही सुई आणि हा बाक सगळंच जाईल. तिनेच मग पहिली तक्रार द्यायला एका बाईला कोपराने ढोसलं.

आणि एकदा बांध फुटल्यावर पाणी कुठे थांबतं?

तक्रार पहिली: नर्सबाईचे हात बर्फासारखे गार असतात. कार्यवाही: नर्सबाई आता आधी चहाचा पेला धरते, मग पेशंट धरते. तक्रार दुसरी: डोंगर फार उंच आहे, दवाखाना वर का बांधला? कार्यवाही: डोंगर जाऊन पाहिला. आहे तसाच आहे. तक्रार तिसरी: वजनकाटा खोटारडा आहे. कार्यवाही: सर्वांना काट्यावर उभं केलं. सर्वच नाराज झाले, म्हणजे काटा खरा आहे. चौथी तक्रार भिंतीवरच्या चित्रातल्या बाईबद्दल होती. सुई टोचत असताना कुणी असं हसतं का? चित्र उलटं लावण्यात आलं. पाचवी बाकाबद्दल, सहावी कडू गोळीबद्दल, सातवी गोड औषधाबद्दल, कारण ते घरातली धडधाकट माणसं पिऊन टाकतात. आठवी आणि नववी दोन सख्ख्या शेजारणींनी एकमेकींच्या खोकल्याविरुद्ध दिली.

नऊ झाल्या. दहावी काही येईना. तेराव्या दिवशी दुपारी सुतारमामा आले आणि दारातच उभे राहिले.

भोंगाबाईने बाक पुढे केला. मामा बसले नाहीत.

"तक्रार लिहायची आहे," मामा म्हणाले. "पण बाई, मी सांगतो तस्संच लिही. रंधा मारून गुळगुळीत करू नकोस."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आठ महिन्यांमागे ते इथे आले होते. पाळी आल्यावर भोंगाबाईने साऱ्या डोंगराला ऐकवलं, "मूळव्याध, आत या." त्या वेळी पडवीत गावातली शिवणकाम करणारी विधवा बाई बसली होती. तिला लग्नाचं विचारायचं म्हणून मामा महिनाभर मनातल्या मनात वाक्य घासत होते. ते घशातच राहिलं. चार दिवसांनी ती बाई स्वतःहून त्यांच्या दारी आली. हसली, आणि स्वतः शिवलेली एक उशी देऊन गेली. गोल उशी. मधोमध भोक असलेली.

"अख्ख्या गावात तेवढी एक उशी," मामा म्हणाले, "आणि तिचा अर्थ कळत नाही असं एकही माणूस नाही."

तेव्हापासून मामा औषधाला चार तास चालत खाली मोठ्या रुग्णालयात जात होते, आणि मूळव्याधीच्या माणसाला चार तास चालणं म्हणजे काय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ते म्हणाले, मी एकटाच नाही. ओढ्याच्या वळणावर आम्ही सगळे एकमेकांना भेटतो आणि एकमेकांकडे न बघता पुढे जातो.

भोंगाबाईने लेखणी उचलली, पण अक्षर उमटेना. असं लिहिलं आणि तपासनीसबाईंनी वाचलं, तर खुर्ची गेली. नाही लिहिलं, तर दहावी तक्रार नाही. मामांना ती म्हणाली की उद्या लिहिते, आणि वही तशीच मिटली. खरं तर तिच्या डोक्यात शेजारच्या कोंबड्याची तक्रार घोळत होती. तो वेळी-अवेळी आरवतो अशी. कोंबडा काही नाकारायला येणार नव्हता.

संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. हा माणूस दिवसाला मोजून पाच-सात शब्द बोले. घरातला सगळा आवाज बायकोच्या वाट्याला गेला आहे, असं लोक म्हणत. तो दर दुसऱ्या महिन्याला खालच्या बाजारात बैल बघायला जाई. दोन वर्षं झाली, एकही बैल पसंत पडला नव्हता. भोंगाबाई सांगत असे, आमच्या ह्यांची नजर फार चोखंदळ.

त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. हातातली दोरी बाजूला ठेवली.

"मी बैल बघायला जात नाही," तो म्हणाला.

भोंगाबाईला आधी कळलंच नाही. मग ओढ्याचं ते वळण डोळ्यांपुढे आलं, आणि त्या वळणावर सुतारमामांकडे न बघता पुढे जाणारा आपला नवरा.

"तुम्हीसुद्धा?" तिने विचारलं, आणि इतक्या हळू विचारलं की तो चमकून उभाच राहिला. लग्नापासून तिचा असा आवाज त्याने ऐकला नव्हता. काय दुखतंय म्हणून तिने पुष्कळ खोदून विचारलं. तो पुन्हा दोरी वळायला बसला.

सकाळी भोंगाबाईने मामांना घरून बोलावून आणलं, नर्सबाईला समोर बसवलं आणि मामांच्या तोंडचं अक्षर न्‌ अक्षर लिहिलं. उशीसकट. भोकासकट. कुणाविरुद्ध या रकान्यात तिने स्वतःला लिहिलं. मग कार्यवाहीचा रकाना आला आणि तिथे गाडं अडलं. नावाने हाक मारावी तर अकराजण अडकतात. आकडे द्यावे तर निम्म्या म्हाताऱ्यांना आकडे ओळखता येत नाहीत. मामांनी बराच वेळ बाकाचा डुगडुगता पाय हलवून पाहिला. मग म्हणाले, लाकडाचे बिल्ले करतो, प्रत्येकावर एक प्राणी कोरतो. आलेल्याने बिल्ला घ्यायचा, हाक बिल्ल्याला.

रात्र व्हायच्या आत वीस बिल्ले झाले. दुसऱ्या दिवशी पडवीत नवीच भांडणं लागली. गाढव कुणी घेईना, वाघ सगळ्यांना हवा. एक आजीबाई साप घ्यायला तयार होत्या, पण कमरेचं दुखणं असल्यामुळे सरपटता येणार नाही म्हणाल्या.

तपासनीसबाई ठरल्या दिवशी आल्या त्या या गोंधळात. त्यांनी वही वाचायला घेतली. 'डोंगर जाऊन पाहिला' या ओळीवर त्यांनी रुमाल तोंडाला लावला. दहाव्या तक्रारीवर मात्र रुमाल खाली आला. त्यांनी ती दोनदा वाचली.

"हे तुमच्याविरुद्ध आहे. लिहिलं कुणी?"

"मीच," भोंगाबाई म्हणाली. "रंधा न मारता."

तपासनीसबाईंनी खाली सही केली, शिक्का मारला आणि दवाखाना डोंगराकडेच ठेवल्याचा कागद पुढे सरकवला. मग त्या टेबलावरून वाकल्या आणि चढण चढून काहीसं झालंय असं हळूच पुटपुटल्या. भोंगाबाईने तितक्याच हळू त्यांना बिल्ला दिला. पडवीतली सगळी माणसं कान टवकारून पुढे झुकली, पण "कासव, आत या" यापलीकडे कुणाच्या हाती काही लागलं नाही. काय झालं होतं, ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

त्यानंतर ओढ्याच्या वळणावरची गर्दी हळूहळू ओसरली. सुतारमामा आले, ससा होऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा शिवणाऱ्या बाईंनी बाकावरून उठून त्यांना बसायला जागा दिली, आणि त्या दिवशी मामा बसले.

आठवड्याने भोंगाबाईचा नवरा आला. सगळ्यांच्या मागे उभा राहिला, पाळीने बिल्ला घेतला. भोंगाबाईने दारात जाऊन कमरेवर हात ठेवले, श्वास घेतला आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशी हाक घातली, "साळुंकी, आत या." तो तिच्यापासून दोन हातांवरच उभा होता. आत गेला, नर्सबाईने दार लोटून घेतलं.

भोंगाबाई खुर्चीत बसली. उठली. पुन्हा बसली. सहा वर्षं डोंगरातली एकेक खरूज तिला तोंडपाठ होती, आणि आता स्वतःच्या नवऱ्याचं काय दुखतंय ते तिच्या जावेला ठाऊक होतं आणि तिला नाही. अर्ध्या तासाने दोघं बाहेर आली. नवरा तिच्याकडे बघून हसला आणि शेताकडे निघून गेला. जाऊ चहाचा पेला धरून बसली, तोंडाला कुलूप लावून.

तेव्हा भोंगाबाईने तक्रारवही ओढली आणि अकरावी तक्रार लिहिली: या दवाखान्यात कुणाला काय झालंय ते कारकुनाला आता काही म्हणता काही कळत नाही.

कार्यवाहीच्या रकान्यात नर्सबाईच्या अक्षरात एवढंच आहे: कळवणार नाही.