बेरिलचे गुरुवार

बेरिल स्टॅनवेला चालायला आवडत नाही, हे ऑक्सवर्डाइन गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांना मधली भिंत एकच.

दर गुरुवारी सकाळी ती चर्चच्या फाटकाशी उभी असायची. अंगात नवऱ्याचं मेणकापडाचं जाकीट, खिशात झुडपं छाटायची कात्री. आम्ही जमलो की "चला" एवढंच म्हणायची आणि पुढे चालू लागायची. गिरणीच्या ओढ्याकडून टेकडीवर, मग बीच झाडांच्या रानातून खाली मर्विन प्रोसरच्या शेतात आणि शेताच्या कडेने परत गावात. शेत मर्विनचं असलं तरी त्यातली पायवाट सगळ्यांची, पूर्वापार. पण कुणी चाललंच नाही तर काटेरी वेली दोन उन्हाळ्यांत वाट गिळून टाकतात. म्हणून बेरिल चालता चालता छाटत जायची, आणि आम्ही तिच्यामागून गप्पा मारत.

हे फिरणं सुरू केलं तिच्या नवऱ्याने, क्लिफर्डने. तो बसचा ड्रायव्हर. आठवडाभर बसून कंबर आखडायची, म्हणून गुरुवारच्या सुट्टीला पाय मोकळे करायचे. हळूहळू सोबतीला माणसं येत गेली. तो एका जानेवारीत गेला, हृदयविकाराने, स्वयंपाकघरात किटली भरता भरता. अंत्यविधीनंतरच्या गुरुवारी आम्ही सगळे बूट घालून तिच्या दाराशी गेलो. तिला एकटं वाटू नये, एवढाच हेतू. निवृत्त दंतवैद्य रॉडरिक आमच्यात सगळ्यात वडीलधारा. तो म्हणाला, "तूच पुढे हो, बेरिल. क्लिफर्डला बरं वाटेल." ती आमच्या बुटांकडे बघत राहिली. मग आत जाऊन त्याचं जाकीट घालून आली.

त्यानंतर किती वर्षं गेली! आमच्यातली काही माणसं वारली, काही मुलांकडे राहायला गेली. एकीने कुत्रा पाळला आणि मग ती कुत्र्याच्याच वेळेने फिरू लागली. बेरिलचा गुरुवार मात्र चुकला नाही.

मर्विनशी तिचं कायमचं वाजायचं. तो दर उन्हाळ्यात पायवाटेवर मका पेरायचा.

"मर्विन, वाट कुठेय?"

"मक्याखाली."

"मग वर काढ."

"तूच उडून जा की पलीकडे. एवढी वर्षं चालतेस, एव्हाना पंख फुटायला हवे होते."

"कौन्सिलला कळवीन हं."

"कळव. माझाही नमस्कार सांग."

मग दोन-चार दिवसांनी तो गुपचूप मशीन फिरवून वाट कापून द्यायचा. असं दरवर्षी. गावाला वाटायचं, बेरिलचा जीव त्या वाटांत गुंतलाय. चर्चमधल्या चहाच्या वेळी रॉडरिक तिच्याकडे हात करून नव्या माणसांना सांगायचा, "या बाईमुळे आमच्या वाटा जिवंत आहेत." ती हसायची आणि बिस्किटाची बशी पुढे सरकवायची.

गेल्या फेब्रुवारीत एका गुरुवारी आम्ही तिघंच होतो. रॉडरिक दोन काठ्या टेकत, मी, आणि बेरिल. आठवडाभर पाऊस पडून गेलेला. आमच्याकडची माती लाल आणि चिकट. बुटाला लागली की पाय उचलेना. मर्विनच्या शेताच्या कुंपणावर चढून जायला लाकडी पायऱ्या आहेत. बेरिल त्यावर चढली, एक पाय पलीकडे टाकला आणि तशीच बसली. एक पाय इकडे, एक तिकडे.

"काय गं, पाय मुरगळला का?" मी विचारलं.

"नाही."

"चक्कर येतेय?"

"नाही गं. मला पुढे जायचं नाहीये."

रॉडरिकने खिशातून चॉकलेट काढलं. "पाच मिनिटं बस. खा हे. मग सावकाश मागे फिरू."

"मला मागेही जायचं नाहीये," बेरिल म्हणाली.

ती रडत नव्हती. तिचा चेहरा नुसता उतरला होता. आम्ही दोघं चिखलात उभे. काय करायचं ते सुचेना. तेवढ्यात मर्विन ट्रॅक्टर घेऊन आला. मेंढ्या व्यायचे दिवस होते, त्याचे डोळे झोपेविना लाल झालेले, दाढी वाढलेली.

"आता काय धरणं धरलंस का?" तो वरूनच ओरडला. "वाट मोकळी आहे, बाई. मी काही केलेलं नाही!"

"ओरडू नकोस रे. माझा काही झगडा नाही आज."

हे ऐकून मात्र तो घाबरला. इंजिन बंद करून खाली उतरला. "कुणाला बोलावू का? डॉक्टर?"

"मर्विन," ती म्हणाली, "मला चालायला कधीच आवडलं नाही."

रॉडरिक हसला. "थट्टा करतेय."

"थट्टा नाही. लग्नाच्या आधी क्लिफर्डने विचारलं होतं, चालायला आवडतं का. मी म्हटलं, फार. त्या वयात पोरगी काहीही म्हणते. पुढे सांगायचं राहून गेलं. मग तो गेला, आणि तुम्ही सगळे बूट घालून दारात उभे. काय सांगणार होते मी?"

मर्विनने टोपी मागे सारली आणि कपाळ चोळलं. मग म्हणाला, "मला मेंढ्या आवडत नाहीत. वास मारतात."

"मग विकून टाक ना."

"विकल्यावर सकाळी उठून करू काय?"

बेरिलला हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर येण्याआधीच विरलं.

रॉडरिकने चॉकलेट परत खिशात ठेवलं. तो हळूच म्हणाला, "बेरिल, आम्ही तुझ्यासाठी येत होतो. तू एकटी पडू नयेस म्हणून. माझे गुडघे तर केव्हाच गेलेत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून घ्या, आणि मी पुढे ढकलतोय. दोन-तीन महिने गुरुवार बुडतील म्हणून."

बेरिलने त्याच्याकडे पाहिलं. "अरे देवा, रॉडरिक!"

मर्विनने ट्रेलरमध्ये पेंढा सारखा केला. आम्हा तिघांना हात धरून वर चढवलं. एका कोपऱ्यात आजारी मेंढी पडलेली होती, तिच्या शेजारी आम्ही. वास खरंच मारत होता. गावातून तसेच गेलो. पबसमोरची माणसं बघत राहिली. हात करावा एवढंही अंगात त्राण नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी खिडकीतून पाहिलं. रॉडरिक चर्चच्या फाटकाशी येऊन थोडा वेळ उभा राहिला आणि घरी गेला. वसंतात त्याने एका गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. ओढ्याकडची वाट उन्हाळ्यात बुजली. मर्विनने मका पेरला आणि या वेळी कापायची तसदी घेतली नाही. मी बेरिलला सांगितलं तर म्हणाली, "पिकू दे." मला वाईट वाटलं. आम्हाला सवय लागली होती त्या वाटांची. पण कात्री घेऊन मीही गेले नाही.

बेरिल झोपायची. दुपारी, जेवल्यावर, वर्तमानपत्र हातात धरून. मला म्हणायची, "इतके महिने झाले तरी शीण जात नाही. एवढा कुठे साठला होता गं?" मी विचारलं, क्लिफर्डला सांगितलं असतंस तर? "हसला असता," ती म्हणाली. "त्याला काही वाटलं नसतं. तेच तर जास्त लागतं."

शरद ऋतूत आमच्या पाद्रीबाई तिच्याकडे आल्या. आता वेळ मोकळा आहे, तर चर्चमधली फुलं लावायचं काम घ्याल का? बेरिल म्हणाली, "नाही." पाद्रीबाई "बरं" म्हणाल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या. संध्याकाळी बेरिल माझ्याकडे आली, दारातच उभी राहून म्हणाली, "इतकं सोपं असतं होय?"

मी काय सांगणार? तिच्या घरातून निघून पाद्रीबाई थेट माझ्याकडेच आल्या होत्या. आता दर शनिवारी फुलं मी लावते.